चाळिशीत भंगार, पन्नाशीत वारसा

जुनी इटालियन बाइक म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लालभडक डुकाटी येते. फार तर मोटो गुझी किंवा एमव्ही अगुस्टा. मुंबई-पुण्यातल्या कुणा पैसेवाल्याच्या गॅरेजमध्ये, पिवळ्या दिव्याखाली, कापड पांघरून उभी. रीलमध्ये तिचा आवाज ऐकायचा, लाइक ठोकायचं, पुढे सरकायचं. त्यामुळे माझ्याकडेही एक जुनी इटालियन दुचाकी आहे, ती घोटीत असते आणि तिच्यावरून मी दळण आणतो, असं सांगितलं की लोक हसतात.

हसू नका. तुमच्याही घरात होती.

माझी आहे ती १९८४ची प्रिया. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली. ही कंपनी १९७५ साली राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने आणि बजाज ऑटोने मिळून काढली. बजाजकडे स्कूटर आली ती इटलीच्या पिआजिओकडून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्यात परवान्यावर व्हेस्पा बनत होती. १९७१ला तो करार संपला, १९७२ला चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, हाडं मात्र व्हेस्पाचीच. तिकडे मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५०च्या दशकापासून लाम्ब्रेटा जोडत होती. १९७१ला इटलीत लाम्ब्रेटा बंद पडली तेव्हा भारत सरकारने तिची यंत्रसामग्रीच विकत घेतली आणि लखनौला नेली. त्यातून विजय सुपर आली. पुण्याच्या कायनेटिकची १९७२ची लूना ही पिआजिओच्या चाओ नावाच्या मोपेडची बहीण. आणि घोटीच्या स्टँडवरून सीटं भरून गावोगाव जाणारी आपे? ‘आपे’ म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. आज ती बारामतीला बनते.

म्हणजे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, इगतपुरीचे रेल्वेवाले, एलआयसी एजंट अशा सगळ्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून, काळ्या बाजारात जास्तीचे पैसे मोजून जी गाडी घेतली, ती क्लासिक इटालियन दुचाकीच होती. पुढे पोरगं उभं, मागे बायको, पायाशी गॅसची टाकी. इतकी आपली झाली की ती परकी होती हेच आपण विसरलो.

आता या गाड्या संपत चालल्या आहेत. त्यांचा कुणी तिरस्कार करतो म्हणून नव्हे. त्यांच्यावर प्रेम करणारेच त्यांना संपवत आहेत, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आधी ही गाडी मुळात कशासाठी बनली ते बघू. दुसऱ्या महायुद्धात पिआजिओचा पाँतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा रस्ते फुटलेले, लोकांचे खिसे रिकामे. एन्रिको पिआजिओने कोरादिनो द’आस्कानिओ या हेलिकॉप्टरवर काम केलेल्या इंजिनिअरला स्वस्तातलं वाहन बनवायला सांगितलं. या माणसाला मोटारसायकल आवडत नसे. चेनने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो, हे त्याचे आक्षेप. म्हणून त्याने चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी बसवलं. गिअर हातात दिला. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे नट सोडले की चाक हातात. वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. १९४६ला व्हेस्पा आली. पुढच्याच वर्षी मिलानच्या लांब्राते भागातल्या इनोचेंती कंपनीने लाम्ब्रेटा आणली. त्यांचा धंदा लोखंडी नळ्यांचा, म्हणून त्यांची गाडी नळीच्या सांगाड्यावर उभी.

ही गरिबीतून आलेली गाडी आहे. ती रस्त्यात बिघडणार आणि ज्याची आहे त्यालाच ती तिथे नीट करावी लागणार, हे धरून बनवलेली.

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. पहिल्या वर्षाला मेकॅनिकलचा एक पेपर आम्हालाही होता. टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती काढली, बाण दाखवले, मार्क मिळाले. इंजिन उघडून कुणी दाखवलं नाही. ते या गाडीने दाखवलं. प्लग काढून टोकाचा रंग बघायचा. चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर हवा जास्त ओढतेय, इंजिन तापतंय. आमच्या धंद्यात याला लॉग वाचणं म्हणतात. फरक एवढाच की हा लॉग वाचायला पासवर्ड लागत नाही, प्लगपाना लागतो. पॉइंट घासले गेले की साफ करायचे आणि फिलर गेजने गॅप लावायचा. जेटमध्ये कचरा अडकला की काढून फुंकायचा. क्लचची एक केबल, गिअरच्या दोन, ब्रेकच्या दोन. तुटली तर रस्त्याकडेला बसून बदलता येते.

नवीन गाड्यांत हे सगळं झाकणाखाली गेलंय. बजाजने २००९ला स्कूटर बनवणं सोडायचं ठरवलं आणि २०१९ला चेतक हे नाव परत आणलं ते इलेक्ट्रिक गाडीला. इलेक्ट्रिक गाडीशी माझं भांडण नाही, घरात घ्यायची झाली तर मी तीच घेईन. पण आजकालची कुठलीही इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, बिघडली की कंपनीच्या माणसाचा लॅपटॉप येईपर्यंत मालक फक्त बघत उभा राहतो. आम्ही लोकच लिहितो ती सॉफ्टवेअरं. त्यात काय उघडं ठेवायचं आणि काय बंद, हा निर्णय कुणीतरी मीटिंगमध्ये घेतलेला असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्तीचा हक्क दिसतो कसा, हे दाखवायला पोर्टलपेक्षा पोत्याखालची प्रिया जास्त उपयोगी आहे.

आता प्रेम करणाऱ्यांकडे येतो.

पहिले, रिस्टोरवाले. गावाकडून भंगाराच्या भावात स्कूटर उचलायची, पावडर कोटिंग करायचं, जागोजागी क्रोम, तपकिरी लेदरची सीट. मग प्रियाचं नाव उपटून तिथे व्हेस्पाचं चिन्ह ठोकायचं, कारण ‘प्रिया’ म्हटलं तर भाव येत नाही. साताऱ्याच्या कामगारांनी बनवलेल्या गाडीची ओळखच पुसायची आणि त्याला जतन म्हणायचं! रंगाखाली बघाल तर फ्लोअरच्या गंजावर पुट्टीचे थर. अशा रंगवून पाठवलेल्या आशियाई गाड्यांमुळे युरोपातल्या व्हेस्पावाल्यांत आपल्याकडच्या मालाची बदनामी झाली आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कॅफेवाले. अर्धी कापलेली चेतक भिंतीवर, उरलेल्या अर्धीचा बिलिंग काउंटर. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि ‘नॉस्टॅल्जिया’ असं लिहितात. आजोबांचा हात कापून भिंतीवर लावला तर त्याला कुणी आठवण म्हणेल का?

न कापता, नुसती झाकून ठेवली तरी गाडी वाचत नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. क्रँकचे ऑइल सील कोरडे पडून तडकतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो. पॉइंटवर बुरशीसारखा थर धरतो. पाच वर्षांनी चकचकीत गाडीला किक मारली की ती गप्प. मग मालक म्हणतो, ‘जुन्या गाड्यांचं असंच असतं.’ तसं नसतं हो. आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर फिरवली असती तर ती बोलली असती.

दुसरा प्रेम करणारा म्हणजे सरकार. जुलै २०२१ला केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. हेतू वारसा जपण्याचा आहे, असं म्हणतात. पण अशी नोंदणी केली की ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

मोटारीच्या शौकिनांना हे परवडेल. वीस हजारांत माझ्या प्रियाचं अख्खं इंजिन दोनदा होईल. आणि पन्नाशीच्या आतल्या गाड्यांचं काय? पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर राज्याचा पर्यावरण कर. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० रुपये होती, एप्रिल २०२२पासून १,००० झाली. ऑगस्ट २०२५ला वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी ती २,००० केली. उघड सांगायचं तर, मोडीत काढा असा तो इशारा आहे.

हा हिशेब माझ्या गाडीला लावून बघा. आज ती चाळिशी ओलांडलेली आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत नकोशी. तिला जितका जास्त काळ नीट ठेवीन तितका दंड वाढणार. कशीबशी २०३४ला पन्नाशीची झाली की ती अचानक देशाचा वारसा होणार, फक्त तो मान हवा असेल तर तिने चालणं सोडायचं. चाळिशीत भंगार, पन्नाशीत वारसा. मधली दहा वर्षं तिने कुठे काढायची हे कुणी सांगत नाही.

दुसरीकडे काय चालतं? जर्मनीत तीस वर्षांवरची, मूळ स्वरूपातली आणि तपासणीत पास झालेली गाडी ‘एच’ पाटी लावून रस्त्यावर फिरते. शहरांच्या प्रदूषण-नियंत्रित भागांतही तिला जाता येतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ आहे. खुद्द इटलीत तीस वर्षांवरच्या खासगी गाड्यांना वार्षिक करातून सूट मिळते. या देशांना प्रदूषणाची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे असं नाही. त्यांनी एवढंच ओळखलं की या गाड्या संख्येने थोड्या, फिरतात थोड्या, आणि फिरल्या तरच टिकतात.

तिसरी गोष्ट पेट्रोल. देशात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या शेतकऱ्याला पैसा मिळतो, तेलाची आयात कमी होते, हे मला मान्य. नाशिक जिल्ह्यात राहून उसाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण १९८४ साली बनलेल्या रबराला इथेनॉल ठाऊक नव्हतं. पेट्रोलचा पाइप, गॅस्केटं, सील फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. जेट एक नंबर मोठा टाकावा लागतो. मायलेज घटतं, हे तर नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही आहे. दहा टक्के इथेनॉलला लावून घेतलेल्या जुन्या दुचाकींसाठी त्यांनी ३ ते ४ टक्के घट धरली होती.

आणि आमच्याकडे पाऊस! इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. भात लावणीच्या दिवसांत घरातल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे टाकीची काय कथा? इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. इंजिन पहिलं ओढतं ते तळाचंच. म्हणून पावसाळ्यात टाकी गच्च भरून ठेवायची किंवा पूर्ण रिकामी करून, कोरडी करून ठेवायची. अर्धी भरून ठेवली तर ऑगस्टमध्ये रडायची वेळ येते. साधं, बिनइथेनॉलचं पेट्रोल थोड्या पंपांवर तरी हमखास मिळावं, जास्त भावाने का होईना, एवढी मागणी अवाजवी आहे का?

पण कायदा बदलला आणि पेट्रोल मिळालं तरीही एक गोष्ट आपल्याच हातून निसटते आहे. ती म्हणजे मिस्त्री.

घोटीत माझी गाडी ज्यांच्याकडे जाते त्यांना सगळे चाचा म्हणतात. वय साठीच्या पुढे. हायवेला लागून पत्र्याची टपरी. गाडी दारात येईपर्यंत त्यांना आवाजावरून कळलेलं असतं की ती मिसिंग मारतेय की रेस पकडत नाही. कसारा घाटाची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. या गाड्यांत ऑइल वेगळं जात नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. घाट उतरताना माणूस ॲक्सिलरेटर पूर्ण सोडतो आणि गिअरवर गाडी रोखतो. इंजिन जोरात फिरत असतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही नाही. खाली पोचेपर्यंत पिस्टन जाम. “उतारावर मधूनमधून थोडी रेस देत जायची बेटा, तिला कोरडी पळवू नको,” असं ते म्हणाले. कॉलेजच्या आकृतीतल्या बाणांमधून हे वाक्य निघत होतं, पण आम्हाला ते कुणी काढून दाखवलं नव्हतं.

मी विचारलं, “चाचा, हे कुणाला शिकवलं का?”

“शिकायला येतंय कोण? पोरगा सिन्नरला कंपनीत लागला. बरं झालं, टायमावर पगार तरी होतो.”

त्यांचं चुकीचं नाही. आपण त्यांना काय देतो ते बघा. रंगाला पंचवीस हजार देताना हात आखडत नाही. सीट कव्हरचे तीन हजार ऑनलाइन जातात. आणि दोन तास वाकून, फ्लायव्हील काढून, टायमिंग लावणाऱ्या माणसाने अडीचशे सांगितले की आपण म्हणतो, ‘दोनशे घ्या ना चाचा.’ जुन्या गाडीचा शौक असलेल्या माणसाने मिस्त्रीशी घासाघीस करणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. गाडीचे पार्ट अजून बनतात, बाजारात मिळतात. उद्या बंद झाले तरी लेथवर बनवता येतील. हे कान कुठे बनवून मिळणार?

आता तुमचे आक्षेप. धूर होतो. होतो. टू-स्ट्रोक इंजिन थोडं पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतं, वर ऑइलचा धूर. माझी गाडी स्वच्छ आहे असा माझा दावा नाही आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीच चालवा असं मी कुणाला सांगणार नाही. पण वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या, नीट ट्यून केलेल्या मूठभर स्कूटरींवर हवेचं खापर फोडू नका. खापर फोडायचंच असेल तर हायवेवर काळा धूर सोडत, सर्टिफिकेट खिशात ठेवून जाणाऱ्या ट्रकांकडे आधी बघा. ब्रेक कमजोर आहेत. आहेत, ड्रम ब्रेक आहेत. हेडलाइट इंजिनाच्या आवाजाबरोबर कमी-जास्त होतो. म्हणून मी तिला रात्री घाटात नेत नाही आणि साठच्या पुढे पळवत नाही. गाडीची मर्यादा ओळखून चालवणं हाही कौशल्याचाच भाग आहे. उलट नव्या गाडीत ती मर्यादा कळतच नाही, आणि शनिवार-रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर त्याचे नमुने पडलेले दिसतात.

खर्च? गाडी स्वतः उघडायला शिकलात तर मोबाइलच्या हप्त्यापेक्षा कमी. शिकायची इच्छा नसेल तर मात्र ही गाडी तुमच्यासाठी नाही. तुम्ही पोस्टर घ्या.

सरकारकडे माझं मागणं लहान आहे. तीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकींसाठी वेगळा वर्ग करा. फी माफक ठेवा, वर्षाच्या किलोमीटरला हवी तर मर्यादा घाला. पण तपासणी खरी करा. ब्रेक, दिवे, धूर माणसाने डोळ्यांनी बघावं, कागदाने नव्हे. आणि पास झालेल्या गाडीला रस्त्यावर चालू द्या.

तुमच्याकडे मागणं थोडं मोठं आहे, कारण ते करायला जीआर लागत नाही. गावाकडच्या घरी गोठ्याच्या कडेला, सरपणाच्या मागे, पोत्याखाली एखादी चेतक, प्रिया, लाम्ब्रेटा असेल तर आधी तिचं आरसी बुक शोधा. रंगाला हात लावू नका. टाकी उतरवून धुवा, पेट्रोलचा पाइप आणि सील बदला, पॉइंट साफ करा, ब्रेक शू बघा, मग किक मारा. जे जमणार नाही ते मिस्त्रीकडे न्या, आणि गाडी टाकून निघून येऊ नका. शेजारी स्टूल घेऊन बसा. ते काय करतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मराठीत लिहून काढा. या गाड्यांचं इंग्रजी साहित्य नेटवर ढिगाने आहे. घोटीच्या पावसात, आपल्या पेट्रोलवर, आपल्या घाटात ती कशी सांभाळायची हे लिहिलेलं एक पानही मला मराठीत सापडलेलं नाही. मी माझ्यापुरतं लिहायला घेतलंय, सध्या चोवीस पानं झाली आहेत. तुमच्या मिस्त्रीची पानं तुम्ही लिहा.

आणि विकायचीच झाली तर कॅफेवाल्याने दुप्पट भाव दिला तरी त्याला देऊ नका. चालवणाऱ्याला द्या. किल्लीबरोबर मिस्त्रीचा नंबरही द्या.